नाव एक, आजार अनेक

ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा! नाव उच्चारताना जीभ अडखळते. आजार मात्र बहुतांशी लहान मुलांचा. स्नायू होता होता घडण अर्धवट राहिलेल्या पेशींचा हा कर्करोग. जर्मनीत वेबर यांनी 1854 साली त्याचे वर्णन केले. पुढे शतकभराहून अधिक काळ निवाडा सूक्ष्मदर्शकाकडेच होता. 1956 मध्ये रिओपेल व तेरिओ यांनी फुफ्फुसातील वायुकोशांसारख्या पोकळ्या असलेला प्रकार वेगळा ओळखला. भ्रूणीय प्रकारापेक्षा हा वायुकोशी प्रकार अधिक घातक, हे अनुभवाने कळले. पण काही गाठींत पोकळ्याच नसत, नुसत्या गोल पेशी गच्च भरलेल्या. मग मतभेद होत.

1980 च्या दशकात वायुकोशी गाठींत दुसऱ्या व तेराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले दिसले. 1993 मध्ये त्या सांध्यावरची जनुके सापडली: पॅक्स-3 आणि आज फॉक्सओ-1 म्हटले जाणारे जनुक. पॅक्स-3 चा भाग म्हणजे पाकिटावरचा पत्ता, फॉक्सओ-1 चा भाग म्हणजे आतला हुकूम. भलताच हुकूम भलत्याच पत्त्यावर पोचतो आणि पेशी प्रौढ न होता वाढतच राहते. 2010 च्या सुमारास खरा धक्का बसला. हा सांधा नसलेल्या वायुकोशी गाठी भ्रूणीय गाठींसारख्याच वागतात, असे आढळले. म्हणजे नुसत्या रूपावर विसंबून काही मुलांना गरजेपेक्षा तीव्र औषधे मिळत होती.

मग सांधा नाही म्हणजे धोका कमी, असे समजावे काय? तसेही नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राचा पाया डॉ. वसंत खानोलकरांनी घातला. त्याच रुग्णालयातील भरत रेखी व सहकाऱ्यांनी 2016 मध्ये चातीच्या आकाराच्या पेशींच्या गाठी तपासल्या. मायोडी-1 जनुकात एकच अक्षर बदललेल्या गाठी जास्त आक्रमक निघाल्या.

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावच्या शाळेत एखाद्या मुलाच्या दंडावर न दुखणारी पण वाढत जाणारी गाठ दिसली, तर या इतिहासाचा उपयोग काय? एवढाच, की या तपासणीपुरते मुलाला मुंबई गाठावी लागत नाही. गाठीचा तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवून पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवला, की तो ठोकळाच मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. तुकडा नुसत्या पाण्यात ठेवला तर मात्र तो कुजतो आणि जनुके वाचता येत नाहीत.