कुलाब्याची वही आणि आपली बेगमी

आमच्या किरनापुरात वादळ म्हटलं की प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. खळ्यावर काढलेलं धान, अचानक सुटलेला वारा आणि ताडपत्री घेऊन धावणारी माणसं. पण मी आज ज्या वादळाबद्दल लिहिते आहे, त्यात वारा नाही, पाऊस नाही, आवाजसुद्धा नाही. ते सूर्यावरून येतं, डोक्यावरून जातं आणि अंगणातल्या तुळशीचं पानही हलत नाही. तरी त्याची माहिती आपण बायांनी करून घ्यायला हवी, असं मला वाटतं. का, ते सांगते.

सूर्यावर काळे डाग असतात. साधारण अकरा वर्षांच्या चक्रात ते वाढतात नि कमी होतात. डाग वाढले की कधी कधी सूर्यावर मोठा भडका उडतो आणि विद्युतभारित वायूचा एक प्रचंड लोट अवकाशात फेकला जातो. तो पृथ्वीच्या दिशेने आला तर एक ते तीन दिवसांत इथे पोचतो. पृथ्वी म्हणजे एक मोठं चुंबकच. या लोटाने ते चुंबकत्व हलतं. जुन्या सायकलचा डायनॅमो आठवतो ना? आत चुंबक फिरलं की तारेत वीज येते आणि पुढचा दिवा लागतो. तसंच हे. पृथ्वीचं चुंबकत्व जोरात हललं की जमिनीवरच्या लांबच लांब तारांमध्ये नको असलेली वीज वाहू लागते. तार जितकी लांब, तितका धोका जास्त. माणसाच्या, गाईगुरांच्या शरीराला मात्र जमिनीवर यातून काही होत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण भीती नेहमी चुकीच्या दारातून आत येते.

आता इतिहास. जगातल्या सर्वांत मोठ्या सौर वादळांपैकी एकाची सर्वांत मोलाची नोंद आपल्या मुंबईत, कुलाब्याला झाली, हे किती जणींना ठाऊक आहे? कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली. आधी काम होतं ताऱ्यांचे वेध घेणं आणि जहाजांना अचूक वेळ देणं. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर, ज्यांना आपण मराठी पत्रकारितेचे जनक म्हणतो, त्यांनीही या वेधशाळेचं काम पाहिलं. गणिती केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे टिळकांचे गुरू केरूनाना, हे तर अगदी कोवळ्या वयात ऑर्लिबार साहेबांच्या हाताखाली तिथे मदतनीस म्हणून लागले होते.

काम कसलं, तर टांगलेली चुंबकपट्टी किती सरकली ते दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचायचं आणि वहीत लिहायचं. तासातासाला. दिवसा, रात्री, पावसाळ्यात, सणावाराला. सुई अस्वस्थ दिसली तर पंधरा मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनी. आज कोणी म्हणेल, काय हे कंटाळवाणं काम! पण स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईला ते कळेल. रोजचं, कोणाच्या नजरेत न भरणारं काम एक दिवस चुकलं की मगच त्याची किंमत कळते.

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा गृहस्थ सूर्याचे डाग कागदावर काढत बसला होता. अकरा वाजून गेले असताना डागांच्या एका झुबक्यात त्याला लखलखीत पांढरा भडका दिसला. पाचेक मिनिटांत तो विझला. त्यानंतर अठरा तासही पुरे झाले नव्हते, तोच वादळ पृथ्वीवर आदळलं. भारतात तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. तिथी काढून पाहिली तर तो दिवस भाद्रपद शुद्ध पंचमीच्या सुमाराला येतो. म्हणजे आपल्याकडे पर्युषणाचे दिवस, कुठे संवत्सरीची क्षमापना, कुठे दशलक्षणाची सुरुवात, आणि घरोघरी गणपती बसलेले. मुंबईची देरासरं त्या सकाळी गजबजलेली असणार. आणि तिकडे कुलाब्याला दुपारच्या आधी चुंबकपट्टी अशी सरकली, की वहीतल्या आकड्यांवरून पुढे शास्त्रज्ञांनी हिशेब केला तेव्हा उतार निघाला सुमारे १६०० नॅनोटेस्लाचा. नॅनोटेस्ला हे चुंबकत्व मोजायचं माप. तासाची सरासरी धरली तर हाच आकडा साडेआठशे-नऊशेच्या आसपास येतो, तरीही तो फार मोठाच. युरोपातल्या वेधशाळांची यंत्रं त्या दिवशी मोजपट्टीच्या बाहेर गेली. त्यामुळे कुलाब्याची वही जगाच्या कामी आली.

त्या दोन दिवसांत अमेरिकेत आणि युरोपात तारायंत्रं वेडीपिशी झाली. तार मास्तरांना झटके बसले, काही ठिकाणी कागद पेटले. बोस्टन आणि पोर्टलंड या गावांमधल्या तार मास्तरांनी आपल्या बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि नुसत्या आभाळाच्या विजेवर तासभराहून जास्त वेळ संदेश पाठवले.

आणि आमच्याकडे? बालाघाट जिल्हाच मुळी १८६७ साली झाला. १८५९ मध्ये या वैनगंगेच्या मुलखात दिवा तेलाचा, पाणी विहिरीचं, दळण जात्यावरचं आणि हिशेब वहीतला. एवढं मोठं वादळ डोक्यावरून गेलं, आणि इथल्या एकाही चुलीला त्याचा पत्ता लागण्याचं कारण नव्हतं. मला या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. वादळ तेवढंच होतं. नुकसान मात्र तारेला जो जितका बांधलेला, त्याचं तितकं.

पुढे तेरा वर्षांनी, ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री, आणखी एक प्रचंड वादळ आलं. ध्रुवाकडच्या देशांत दिसणारा रंगीत प्रकाश त्या रात्री थेट मुंबईच्या आभाळात दिसला. पौषातला कृष्ण पक्ष, चंद्र उगवायला उशीर, आणि वर आभाळात तो उजेड! पाहणाऱ्यांना काय वाटलं असेल, कल्पना करा. पण त्याच वेळी समुद्राखालून मुंबईहून एडनला जाणारी, दोनच वर्षांपूर्वी टाकलेली तार काही तास बिघडली. तार नवी होती, आणि लगेच वादळाच्या तडाख्यात सापडली. तेरा वर्षांत आपणही तारेला बांधले गेलो होतो.

कुलाब्याच्या वहीची गोष्ट इथे संपत नाही. १८९६ साली नानाभाई मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने चुंबकपट्टी बहकणार, मग नोंदी खऱ्या कशा राहणार? म्हणून समुद्रापलीकडे अलिबागला, लोखंड न वापरता नवी इमारत उभी केली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकदमच नोंदी ठेवल्या, म्हणजे जुन्या वहीचा धागा नव्या वहीला नीट जोडता यावा. १८४६ ते १९०५ पर्यंतच्या सगळ्या नोंदी मूस यांनी १९१० मध्ये दोन खंडांत छापल्या. अलिबागची मोजणी आजही चालू आहे. आपल्यात दिवाळीला वहीपूजन करतात. मला वाटतं, या वहीलाही एक हळदीकुंकवाचं बोट लावायला हरकत नाही.

आता अलीकडचं. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज अशाच वादळाने दीड मिनिटात कोसळली. साठ लाख माणसं सुमारे नऊ तास अंधारात होती, आणि तिकडची थंडी आपल्यासारखी नव्हे. २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या वादळानंतर दक्षिण आफ्रिकेतले मोठे ट्रान्सफॉर्मर बिघडले. तोवर वाटायचं, हा त्रास फक्त ध्रुवाजवळच्या देशांचा. मोठा ट्रान्सफॉर्मर काही दुकानात मिळत नाही, नवा करवून आणायला महिनोन् महिने लागतात. मे २०२४ मध्ये पुन्हा मोठं वादळ आलं. लडाखमधल्या हानले वेधशाळेने आभाळातला लाल उजेड टिपला. अमेरिकेत उपग्रहाच्या इशाऱ्यावर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत थांबले. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला 'ऐन पेरणीत' या शब्दाचं वजन सांगावं लागत नाही.

भारत विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळे आपल्याला धोका कॅनडापेक्षा कमी आहे. हे खरं आहे, उगाच घाबरवायचं नाही. पण १८५९ मधलं आणि आजचं किरनापुर एक नाही. आमच्याच जिल्ह्यात मलाजखंडला तांबं निघतं, आणि त्या तांब्याच्या तारेवर आता आमचं सगळं लटकलेलं आहे. नळाचं पाणी विजेच्या पंपावर. शेताचं पाणीही. बहिणींच्या खात्यात सरकारचे पैसे येतात ते मोबाईलवर कळतं, किराणावाला मोबाईलवर घेतो, बचत गटाचा हप्ताही तसाच. दुकानात पाच रुपयांची कोथिंबीर घेतानासुद्धा फोन पुढे होतो. जुलै २०१२ मध्ये उत्तर आणि पूर्व भारताची वीज दोन दिवस लागोपाठ कोसळली, साठ कोटींहून जास्त लोकांच्या मुलखात. ते सूर्याचं काम नव्हतं, आणि आपला मध्यप्रदेश पश्चिमेच्या जाळ्यात असल्याने वाचला. पण एका ठिकाणची गाठ सुटली तर विणकाम किती लांबवर उसवतं, ते तेव्हा दिसलं.

आज आपल्याजवळ कॅरिंग्टनपेक्षा बरंच काही आहे. २ सप्टेंबर २०२३ ला, कुलाब्याच्या त्या दिवसाच्या बरोबर वाढदिवशी, आपलं आदित्य एल-१ यान निघालं. जानेवारी २०२४ पासून ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर बसून सूर्याकडे पाहतं आहे. भडका दिसला की एक-दोन दिवस आधी अंदाज येतो, आणि लोट त्या जागेपर्यंत पोचला की पक्की खबर पाऊण तास-अर्धा तास आधी. विजेच्या मोठ्या तारा सांभाळणाऱ्यांना तेवढ्यात भार कमी करता येतो. घरातल्या बाईचं काम मात्र अर्ध्या तासाचं नाही. ते आधीच झालेलं असावं लागतं.

आणि बायांनो, ते आपल्याला नवं आहे का? पर्वतिथीला हिरवी भाजी नाही, म्हणून उन्हाळ्यातच वड्या, पापड, डाळी भरून ठेवायच्या. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, म्हणजे रात्री दिव्याची निकड नाही. पाणी गाळून, उकळून, मोजून वापरायचं. आपल्या आज्या-सासवा हे धर्म म्हणून करायच्या, पण घर आठ-दहा दिवस बाहेरच्या आधाराशिवाय चालवण्याची ती तालीमही होती. माझ्या सासूबाईंना कोणी विचारलं, 'माय, वीज गेली तर कसं?' तर त्या म्हणायच्या, 'ती आली कधी, तेच मला आठवते!'

त्यात आजच्या काळाच्या चार गोष्टी घाला. आठ-दहा दिवसांचं रोख, सुटे पैसे धरून. साखरेची, रक्तदाबाची, दम्याची औषधं संपायच्या आधी पंधरा दिवस आणलेली. इन्सुलिन घेणारं कोणी घरात असेल तर वीज नसताना ते थंड कसं ठेवायचं, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. पिंपात झाकलेलं पाणी, आणि जवळचा चालू हातपंप कुठला ते माहीत असणं. सेलवर चालणारा रेडिओ आणि टॉर्च. जमिनीची ऋणपुस्तिका, पासबुक, आधार यांच्या कागदी प्रती. आणि एक छोटी वही: मुलीचा, भावाचा, डॉक्टरांचा, गॅसवाल्याचा नंबर हाताने लिहिलेली. किती जणींना आज स्वतःच्या मुलीचा नंबर पाठ आहे? वीज खूप वेळ गेलीच, तर फ्रिज-टीव्हीचे प्लग काढून ठेवा, वीज परत येताना कमीजास्त होते.

पण साठवण आणि साठेबाजी यात फरक आहे. आपण परिग्रहाची मर्यादा पाळणाऱ्या. अफवा आली म्हणून दुकानातलं मीठ-तेल सगळं घरी आणलं, तर शेजारणीच्या चुलीवर काय चढणार? आपल्या घरापुरतं ठेवा, आणि वाड्यातल्या एकट्या म्हाताऱ्या काकींचं एक माप त्यात धरा.

अफवांचंही सांगते. 'सूर्यवादळ येतंय, तीन दिवस अंधार, बाहेर पडू नका, गर्भवतींनी सांभाळा' असे निरोप मोबाईलवर फिरतात. असा निरोप आला की आधी रेडिओवर काय सांगतात ते ऐका. बाहेर पडल्याने कोणालाही काही होत नाही. तीन दिवसांचा अंधार सूर्य करत नाही. वीज गेली तर तिची तयारी असावी, एवढंच.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. प्रत्येकीने एक कोरी वही आणायची. पहिल्या पानावर नंबर, दुसऱ्यावर औषधं, तिसऱ्यावर गटाचा हिशेब, तारखेसह, हाताने लिहिलेला. कुलाब्याला रात्री जागून आकडे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं, की त्यांचं पान दीडशे वर्षांनी कोणाला लागणार आहे.