रेम्ब्राँचे मिटलेले हात

रेम्ब्राँच्या अखेरच्या आत्मचित्रांवर लिहिताना अभ्यासक आधी त्याच्या घरातले मृत्यू मोजतात. पत्नी सास्किया १६४२ मध्ये गेली, सहचारिणी हेंड्रिक्ये १६६३ मध्ये आणि मुलगा तितुस, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आतच, सप्टेंबर १६६८ मध्ये. मग चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती शोकाची खूण ठरते. हे वाचन मला अपुरे वाटते. नामवंत चित्रकाराच्या आत्मचित्राला त्या काळी गिऱ्हाईक होते. शिवाय म्हातारा चेहरा म्हाताराच दिसणार.

शोक शोधायचा तर तो हातांत शोधावा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत १६६९ चे, त्याच्या त्रेसष्टाव्या वर्षीचे आत्मचित्र आहे. क्ष-किरण तपासणीत दिसले की त्यात हात आधी मोकळे होते आणि हातात कुंचला होता. पुढे रेम्ब्राँने कुंचला रंगाखाली झाकला आणि हात एकमेकांत मिटवले. (झाकायलाही कुंचलाच लागला, हे विसरू नये.) रचनेची सोय म्हणूनही त्याने हे केले असेल. तरीही जन्मभर स्वतःला रंगवत आलेल्या माणसाने चित्रातून आपला व्यवसायच वजा करावा, हे केवळ रचनेने उलगडत नाही. सुतकातल्या घरी माणसे असेच हात धरून बसतात. कपाळावर रंगाचा थर जाड, खरबरीत आहे. वस्त्रे मात्र अंधारात विरत चालली आहेत.

४ ऑक्टोबर १६६९ रोजी तो वारला. ॲमस्टरडॅमच्या वेस्टरकेर्कमध्ये त्याला भाड्याच्या थडग्यात पुरले. ती नेमकी जागा आज कोणालाच दाखवता येत नाही.