माळ्यावरचे संगणक

दिवाळी जवळ आली की घरोघर साफसफाईचा जो सपाटा सुरू होतो, त्यात माळ्यावरच्या वस्तूंचे भवितव्य ठरत असते. पितळी समई खाली उतरते, चिंचेने लखलखीत होते आणि मानाने देवापुढे जाऊन बसते. तिच्याच शेजारी चादरीत गुंडाळून ठेवलेला, पिवळट पडलेला संगणक मात्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. ज्या वर्षी तो घरात आला, त्या वर्षी खंडेनवमीला याच संगणकाला हळदकुंकू वाहिलेले असते, झेंडूचे फूलही मिळालेले असते! जुनेपण दोघांनाही आले. समईचे भूषण ठरले, संगणकाची अडगळ झाली. हा निवाडा देण्यापूर्वी थोडा इतिहास पाहावा असे वाटते, आणि त्यासाठी फार दूर जायला नको. नगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, वाहणाऱ्या प्रवरेच्या काठची दोन गावे पुरेशी आहेत.

पहिले गाव श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद. १९७४ साली तेथे झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल गावकऱ्याला जमिनीत धातूच्या चार ओतीव वस्तू सापडल्या: बैलजोडी जुंपलेला रथ व त्यातला उभा माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चौघांचे वजन मिळून ६० किलोंहून अधिक. उत्तरकालीन हडप्पा संस्कृतीशी बहुतेक अभ्यासक त्यांचे नाते जोडतात. या वस्तू कोणी मुद्दाम जपल्या नव्हत्या. मातीनेच त्या सांभाळल्या. धातूचा गेंडा हजारो वर्षांनी वर आला, तरी पाहणाऱ्याला तो गेंडा म्हणूनच ओळखता आला.

दुसरे गाव नेवासे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, तेथे ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ती टिकली ती मातीमुळे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी नकला करीत राहिले म्हणून टिकली. नकलांमध्ये पाठभेद शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. वस्तू पडून राहूनही वाचू शकते. ग्रंथ मात्र उतरून काढल्यावाचून वाचत नाही. संगणकाची अडचण अशी, की तो एकाच वेळी वस्तूही आहे आणि ग्रंथही. म्हणूनच त्याचा संग्रह करणे हे दुहेरी व्रत आहे.

हा प्राणी घरात शिरला कधी? त्याआधी संगणक म्हणजे मोठमोठ्या संस्थांत खोल्या अडवून बसणारे प्रचंड धूड. १९७७ साली अमेरिकेत ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तीन यंत्रे बाजारात आली आणि सामान्य माणसाच्या टेबलावर संगणक दिसू लागला. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८० साली १०० पौंडांच्या आत एक संगणक विकायला काढला आणि १९८२ साली ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ आणला. कळफलकाच्या पोटातच सारा संगणक. पडदा म्हणजे घरातला टीव्ही, आणि साठवण म्हणजे कॅसेट. ज्या टेपरेकॉर्डरवर सकाळी भीमसेनांचे अभंग लागायचे, त्याच्यावरच संध्याकाळी करकर, किरकिर आवाज करीत संगणकाचा खेळ उतरायचा. त्याला काही मिनिटे लागत, आणि मध्येच बिघडले तर पुन्हा पहिल्यापासून.

भारतात १९८४च्या नोव्हेंबरात नवे संगणक धोरण जाहीर झाले. त्याच शैक्षणिक वर्षात ‘क्लास’ या योजनेखाली सुमारे २५० शाळांमध्ये ‘बीबीसी मायक्रो’ जातीचे संगणक पोचले. १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवान्याने स्पेक्ट्रमची आवृत्ती काढली. पुढे १९९१ नंतर बाजार खुला झाला, आणि २००१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी वर्गांनी तालुक्याच्या गावीही संगणक ओळखीचा केला.

स्पेक्ट्रमच्या मोठ्या नमुन्याची स्मृती ४८ केबी, म्हणजे ४९,१५२ बाइटांची. आजच्या प्रचलित युनिकोड पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट जागा घेते. या हिशेबाने त्या यंत्राच्या साऱ्या स्मृतीत १६ हजारांच्या आसपास चिन्हे मावतील. वाचक आता वाचीत आहेत असे दोन-अडीच लेख, बस्स! २०२० साली बाजारात आलेला ‘रास्पबेरी पाय ४००’ पाहा. तोही कळफलकाच्या पोटात बसवलेला आणि टीव्हीला जोडायचा. पण स्मृती ४ जीबी, म्हणजे त्याच्या सुमारे ८७ हजार पट. ही दोन यंत्रे एकाच फळीवर शेजारी ठेवली, तर जे समजायला एरवी एक जाड पुस्तक वाचावे लागेल, ते शाळकरी मुलालाही एका दृष्टिक्षेपात कळते. संग्रहात जुन्याच्या जोडीला नवे ठेवायचे ते यासाठी. शिवाय आजचे नवे हेच उद्याचे जुने असते, आणि स्वस्तात व धडधाकट मिळते ते आजच.

हे ओळखणारी माणसे थोडी असतात. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी, १९२०च्या सुमारास अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या गोळा करू लागले. राजेरजवाड्यांच्या तलवारी जपणारे पुष्कळ होते. स्वयंपाकघरातल्या वस्तूला कोण विचारतो? पण १९६० पर्यंत त्यांच्याकडे सुमारे १५ हजार वस्तू जमल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९७५ साली ते सरकारच्या स्वाधीन केले. अमेरिकेत केन ओल्सेन आणि रॉबर्ट एव्हरेट या दोघांनी ‘व्हर्लविंड’ नावाचा जुना संगणक मोडीत जाताजाता वाचवला; अशा संग्रहातूनच १९७९ साली तिकडचे संगणक-संग्रहालय जन्मले. नगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि युद्धात शत्रूकडून जिंकलेला पॅटन रणगाडा पाहायला माणसे लांबून येतात. रणांगणावरच्या यंत्राला छप्पर मिळाले. घरातल्या यंत्राला ते देणे घरातल्यांच्याच हाती आहे.

मात्र नुसती पेटी जपून भागत नाही. इंग्लंडात १०८६ साली राजाने जमीनजुमल्याची मोजदाद करून ‘डूम्सडे बुक’ लिहवून घेतले. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने लोकांकडूनच देशाचे नवे वर्णन गोळा केले. दहा लाखांवर लोकांनी त्याला हातभार लावला, आणि तो सारा ऐवज दोन लेझर-तबकड्यांवर कोरला गेला. त्या वाचायला बीबीसीच्याच जातीचा संगणक आणि खास यंत्र लागे. पंधरा-सोळा वर्षांत ती यंत्रे दुर्मिळ झाली आणि तबकड्या मुक्या होण्याची वेळ आली. २००२ साली संशोधकांनी जुन्या यंत्राची नक्कल नव्या संगणकावर उभी करून त्यांना पुन्हा बोलते केले. ९०० वर्षांचे कातडी पानांचे पुस्तक मात्र या काळात आपले वाचता येतच होते!

हे संकट परक्याचे समजू नये. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र आले, त्यानंतर मराठी संगणकावर सुखाने उमटू लागली. पण युनिकोड रुळेपर्यंत निरनिराळ्या फॉन्टांच्या अक्षरांचे क्रमांक निरनिराळे होते. त्या काळी टंकलिहिलेले आजोबांचे आत्मचरित्र, आत्याच्या पाककृती, गावच्या मंडळाची स्मरणिका आज नव्या संगणकावर उघडली, तर अक्षरांऐवजी चमत्कारिक खुणांचा चिवडा समोर येतो. मजकूर नष्ट झालेला नसतो. त्याची किल्ली माळ्यावरच्या त्या पिवळट पेटीत असते, आणि ती पेटीच आपण भंगारात घालतो.

म्हणून ज्यांना संग्रहाची हौस आहे त्यांनी, आणि ज्यांना नाही त्यांनीही, एवढे करावे. पेटी देण्यापूर्वी तिच्यातला आणि फ्लॉप्यांतला मजकूर जाणकाराकडून उतरवून युनिकोडमध्ये आणावा, आणि त्याच्या दोन प्रती दोन घरी ठेवाव्यात. पेटी ठेवणार असाल, तर आतली छोटी बॅटरी काढून घ्यावी. ती पाझरली की तांब्याच्या रेषा खाते. बरीच वर्षे बंद असलेले यंत्र एकदम विजेला जोडू नये. आधी तंत्रज्ञाकडून त्याचे कपॅसिटर तपासून घ्यावेत. फ्लॉपीला आणि कॅसेटला दमट हवेत बुरशी धरते. त्या बाबतीत आमचा पर्जन्यछायेतला कोरडा जिल्हा भाग्यवान आहे. धूळ तेवढी कापडाने आवरावी. शेवटी एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे: हा कोणी घेतला, कोणत्या वर्षी, कितीला, आणि त्यावर पहिल्यांदा काय लिहिले. चिठ्ठीवाचून तो नुसता जुना डबा आहे.

दायमाबादच्या रथात उभा असलेला माणूस कोण, हे सांगणारी चिठ्ठी कोणी ठेवली नाही. आपल्या घरातल्या संगणकापुढे बसून पहिले मराठी अक्षर कोणी उमटवले, हे सांगणारे माणूस अजून घरात आहे. दिवाळीच्या फराळाला सारे जमतील, तेव्हा त्याला विचारून घ्यावे आणि लगेच लिहून ठेवावे. भंगारवाला काय, पुढच्या वर्षीही येईलच.