चरबीतले भाऊबंद

चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार, हा समज 1993 मध्ये ढासळू लागला. गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारं प्रथिन तयार होतं आणि त्यामुळे इन्सुलिनला दाद मिळेनाशी होते. 1994 मध्ये लेप्टिन हे चरबीतून निघणारं, भूक आवरणारं संप्रेरक सापडलं. त्याची कहाणी सर्वपरिचित आहे.

खरी गंमत 1995 ची. फिलिप शेरर यांना मेदपेशींतून रक्तात उतरणारं एक प्रथिन सापडलं, आजचं अ‍ॅडिपोनेक्टिन. त्याचे नातेवाईक शोधले तर निघाले कोण? एक सी1क्यू, म्हणजे जंतूंना ओळखणारं रक्तातलं प्रथिन. आणि दुसरी, सायबेरियातल्या चिपमंक या खारीच्या रक्तात शीतनिद्रेच्या काळात घटणारी प्रथिनं!

1998 मध्ये शेरर आणि लॉरेन्स शापिरो यांनी अ‍ॅडिपोनेक्टिनच्या गोलसर टोकाचा स्फटिक तपासला. तीन साखळ्या एकमेकींना बिलगलेल्या, प्रत्येकीची घडी हुबेहूब टीएनएफसारखी. मधुमेहाला हातभार लावणारं टीएनएफ आणि त्याला आवर घालणारं मानलं जाणारं अ‍ॅडिपोनेक्टिन, दोघे एकाच कुळातले! निव्वळ योगायोगानेही दोन प्रथिनांचा आकार जुळू शकतो, असा आक्षेप घेता येईल. मला तो टिकणारा वाटत नाही, कारण जनुकांतल्या इंट्रॉनच्या, म्हणजे प्रथिनात न उतरणाऱ्या मधल्या तुकड्यांच्या जागाही जुळतात. आकार योगायोगाने जुळेल, जनुकाची शिवण कशी जुळेल?

म्हणून माझं ठाम मत असं की, चरबीचं इन्सुलिनवरचं नियंत्रण ही जंतूंशी लढणाऱ्या जुन्या यंत्रणेचीच एक फांदी आहे. लठ्ठपणात टीएनएफ वाढतं, अ‍ॅडिपोनेक्टिन घटतं. टीएनएफ तर मेदपेशींतली अ‍ॅडिपोनेक्टिनची निर्मितीच दाबतं. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र उलट कमी होतं. तरीही रक्तात ते लेप्टिनच्या साधारण हजारपट असतं. मधुमेहावरची पायोग्लिटाझोनची गोळी घेतल्यावर वजन थोडं वाढतं, तरी अ‍ॅडिपोनेक्टिन चढतं आणि इन्सुलिनला प्रतिसाद सुधारतो.

पण इथे दोन अडचणी आहेत. 2003 मध्ये टोकियोत तोशिमासा यामाउची आणि ताकाशी कादोवाकी यांच्या गटाने अ‍ॅडिपोनेक्टिनचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे त्याचा संदेश घेणारी पेशीवरची प्रथिनं, शोधले. त्यांचं टीएनएफच्या ग्राहकांशी काहीच नातं नाही. म्हणजे भाऊ एका घरचे, पण दारं वेगळी ठोठावतात. दुसरी अडचण जास्त बोचरी. ज्यांच्या इन्सुलिन-ग्राहकातच जन्मजात दोष असतो, त्यांच्यात इन्सुलिनला विरोध तीव्र असूनही अ‍ॅडिपोनेक्टिन भरपूर आढळतं. त्यांच्यात इन्सुलिनचा परिणामच नीट होत नाही, यावरून असं दिसतं की, नेहमीच्या मधुमेहात अ‍ॅडिपोनेक्टिन घटतं ते काही अंशी वाढलेल्या इन्सुलिनमुळे असावं. जनुकीय अभ्यासांनीही अ‍ॅडिपोनेक्टिन कमी असणं हे मधुमेहाचं कारण आहे, याला भक्कम दुजोरा दिलेला नाही.

त्यामुळे नातं पक्कं, भांडण अर्धवट सिद्ध, असाच माझा निवाडा आहे. तेव्हा अ‍ॅडिपोनेक्टिन वाढवण्याचा दावा करणारी कुठलीही पूड किंवा गोळी विकत घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.