विक्षिप्त ठरावांचें मोल

इ. स. १९९३ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को नगराच्या मतदारांपुढें एक चमत्कारिक प्रश्न आला. तेथील एक पोलीस शिपाई गस्तीच्या वेळीं ब्रेंडन ओस्मार्टी नांवाचा बोलका बाहुला हातांत घेऊन फिरे. वरिष्ठांनीं त्यास हरकत घेतली. तेव्हां शिपायानें नागरिकांच्या सह्या गोळा केल्या, आणि बाहुला केव्हां बाळगावा हें त्याचें त्यानेंच ठरवावें काय, असा प्रश्न मतपत्रिकेवर आणला. थोड्या मताधिक्यानें कां होईना, लोकांनीं बाहुल्याच्या बाजूनें कौल दिला. या खटाटोपांत शिपायाचे स्वतःचे अकरा हजारांहून अधिक डॉलर गेले. ती रक्कम प्राप्तिकराच्या हिशेबांत वजा मिळावी म्हणून तो न्यायालयापर्यंत गेला, परंतु इ. स. २००० मध्यें ती मागणी फेटाळली गेली. शिपायाच्या पदरचें गेलें तें गेलेंच. पण अशा प्रश्नांपायीं नगराच्या तिजोरींतून जें जातें, तें वायां जातें काय, याचा विचार आज करावयाचा आहे.

ज्या हक्काच्या बळावर हें घडलें, तो हक्क थट्टेसाठीं जन्मास आलेला नव्हता. ठराविक संख्येच्या मतदारांनीं सह्या केल्या म्हणजे त्यांचा ठराव थेट लोकांच्या मतास टाकावयाचा, ही पद्धति प्रथम स्वित्झर्लंडांत रुजली. अमेरिकेंत साउथ डकोटा या राज्यानें इ. स. १८९८ मध्यें ती सर्वांच्या आधीं स्वीकारली. त्याच वर्षीं सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनीं नगराच्या नव्या सनदेंत तिला स्थान दिलें. त्या काळीं कॅलिफोर्नियाच्या राजकारणावर सदर्न पॅसिफिक या आगगाडी-कंपनीचें मोठें वजन होतें. तें मोडण्याचें वचन देऊन हायरम जॉन्सन गव्हर्नर झाले, आणि इ. स. १९११ मध्यें हा हक्क सबंध राज्यास मिळाला. धनिकांनीं मुख्य द्वार अडविलें तर सामान्य मनुष्यास आंत येतां यावें, म्हणून ठेवलेला हा दुसरा दरवाजा होय.

दरवाजा उघडा ठेवला म्हणजे वाऱ्याबरोबर पाचोळाही येतो. इ. स. २००८ मध्यें त्याच सॅन फ्रान्सिस्कोंत, सांडपाणी शुद्ध करण्याच्या कारखान्यास राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचें नांव द्यावें, असा उपहासाचा ठराव मतास पडला. मतदारांनीं तो नाकारला. इ. स. २०१० मध्यें डेन्व्हर नगरांत, परग्रहावरील प्राण्यांच्या भेटीगांठींची व्यवस्था पाहण्यासाठीं सात जणांचें मंडळ नेमावें, असा ठराव आला. सहा लक्ष वस्तीच्या त्या नगरांत त्यासाठीं सुमारें चार हजार सह्या पुरल्या. मतें मात्र शंभरांपैकीं ऐंशींहून अधिक विरुद्ध पडलीं.

आतां खर्च कसा होतो तें पाहूं. कचेरीस सह्या मतदारांच्या यादीशीं ताडून पाहाव्या लागतात. ठरावाची भाषा तपासावी लागते. मतपत्रिकेवर तो छापावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोंत तर उभय पक्षांचे युक्तिवाद देणारी पुस्तिका मतदारांना पाठवितात, आणि ती इंग्रजीखेरीज चिनी, स्पॅनिश इत्यादि भाषांतही निघते. मात्र एक भेद ध्यानांत ठेवावा. ठराव नेमलेल्या निवडणुकीबरोबरच मतास पडला, तर मतदानाचीं ठिकाणें, नोकरवर्ग आणि मोजणी यांचा मुख्य खर्च तसाही व्हावयाचाच असतो. ठरावापायीं वाढतात तीं कांहीं पानें व कांहीं तास. केवळ त्याच्यासाठीं वेगळी निवडणूक घ्यावी लागली, तरच सारा बोजा त्याच्या माथीं बसतो. वर सांगितलेले तिन्ही ठराव नोव्हेंबरच्या नेहमींच्या निवडणुकींतच मतास पडले होते.

तरीही दरवाजा अरुंद करावा, असें पुष्कळांस वाटतें. कॅलिफोर्नियांत राज्याचा ठराव दाखल करण्याची फी इ. स. १९४३ पासून २०० डॉलर होती. इ. स. २०१५ मध्यें एका वकिलानें, समलिंगी व्यक्तींस देहदंड द्यावा, असा अमानुष ठराव ती फी भरून दाखल केला. न्यायालयानें तो पुढें जाऊं दिला नाहीं. विधिमंडळानें मात्र त्याच वर्षीं कायदा करून फी २,००० डॉलर केली. क्रौर्यास आवर घातला तो न्यायालयानें. वाढीव फीनें अडणार तो निर्धन अर्जदार. कोलोरॅडो राज्यानें पैसे देऊन सह्या गोळा करविण्यास बंदी केली होती, तीही इ. स. १९८८ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरविली. तेव्हांपासून ज्याच्यापाशीं पैसा, त्यास सह्यांची वाण नाहीं. इ. स. २०२० मध्यें भाड्याच्या मोटारी व खाद्यपदार्थ अॅपवरून पुरविणाऱ्या कंपन्यांनीं, चालकांना नोकर न मानण्याचा कायदा कॅलिफोर्नियांत याच दरवाजानें करवून घेतला, आणि त्यापायीं सुमारें वीस कोटी डॉलर ओतले. आगगाडी-कंपनीस टाळण्यासाठीं केलेली वाट अखेर मोटार-कंपन्यांच्याही कामीं आली!

आणि विक्षिप्त म्हणावें तरी कशास? ऑरेगॉन राज्यांत स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न इ. स. १८८४ पासून पांच वेळां मतास पडला व पांचही वेळां नाकारला गेला. त्यांपैकीं १९०६, १९०८ आणि १९१० चे ठराव नागरिकांच्या सह्यांनींच आले होते. एवढ्यांदां लोकांनीं नाहीं म्हटल्यावर पुन्हां मतपत्रिका कशाला छापावयाची, असें म्हणून कोणी फी दसपट केली असती, तर अॅबिगेल स्कॉट डनिवे यांच्यासारख्या स्त्रियांना इ. स. १९१२ चा सहावा प्रसंग लाभता ना. त्या वर्षीं त्या जिंकल्या. आपल्या महाराष्ट्रांतही गांवांतील पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनीं मागणी केली म्हणजे दारूचें दुकान बंद करण्यासाठीं उभी बाटली कीं आडवी बाटली, असें मतदान घेतां येतें. त्या मागणीसही प्रथम हंसणारे असतीलच.

हंसूं येईल असा ठराव कोणता आणि काळाच्या पुढें असलेला कोणता, हें आधीं सांगणारा द्वारपाल अद्याप जन्मला नाहीं; तो निवाडा मतदारच करतात. त्यासाठीं छापलेल्या चार पानांचा खर्च नगरानें खुशाल सोसावा. हिशेब तपासावयाचा तो या दारांतून आंत येणाऱ्या थैल्यांचा.