गोठविलेला मासा आणि त्याची तुकडी

मासा टिकविण्याचा इतिहास बव्हंशीं मीठ, ऊन आणि धूर यांचा आहे; आपल्या कोंकणांतील सुके बोंबील हें त्यांतलेंच एक प्रकरण होय. बर्फ या मंडळींत उशिरां आला, आणि आल्यावरही पुष्कळ दिवस त्याला प्रतिष्ठा मिळाली नाहीं. अमेरिकेंतील मेन प्रांताच्या ईनॉक पायपर यानें बर्फ व मीठ यांच्या साहाय्यानें मासा गोठविण्याचें पेटंट १८६१ सालीं घेतलें. तरीही गोठविलेला मासा म्हणजे ताजा न खपलेला मासा, ही गिऱ्हाइकांची समजूत दीर्घकाळ टिकली. ती सर्वस्वीं खोटी होती असें म्हणवत नाहीं. अख्खा मासा सावकाश गोठे; त्यामुळें पाण्याचे मोठे स्फटिक बनून मांसाची घडण फाटे; आणि घरीं बर्फ सुटतांच रस वाहून जाऊन पानांत चोथा उरे.

क्लॅरेन्स बर्ड्सआय हा १९१२ सालीं लॅब्राडोरला गेला तो खोकडांच्या कातड्यांच्या व्यापारासाठीं. तेथील इन्युइट लोकांनीं बर्फाखालच्या पाण्यांतून काढलेला मासा उणें चाळीस अंशांच्या वाऱ्यांत हां हां म्हणतां थिजे, आणि कित्येक आठवड्यांनीं शिजविला तरी ताज्यासारखा लागे. हें ज्ञान त्या लोकांचें होतें. पुढें खोक्यावर नांव आलें तें मात्र बर्ड्सआयचें.

त्याचें स्वतःचें श्रेय निराळें आहे. थंडी पृष्ठभागाकडून आंत शिरते, आणि जाडी दुप्पट झाली कीं वेळ दुपटीहून पुष्कळ अधिक लागतो. म्हणून मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर बंदरांत, १९२५ पासून, तो काटे काढलेल्या माशाचीं चपटीं पुडकीं भरून दोन थंडगार धातूच्या पत्र्यांमध्यें दाबूं लागला. माशाचे वांटे गृहिणीच्या सोयीसाठीं पाडले गेले, असें आपण समजतों. खरें पाहतां ते आधीं थंडीच्या सोयीसाठीं पाडले गेले.

६ मार्च १९३० रोजीं स्प्रिंगफील्ड शहरांतील कांहीं दुकानांत हा माल विक्रीस मांडला गेला. तेव्हांच्या घरगुती शीतपेट्यांत तो फार दिवस राहणें शक्य नव्हतें. एका जेवणापुरतें पुडकें आणावें आणि संपवावें, हें बरें पडे. अशा रीतीनें चिरणें, वांटणें व गोठविणें हीं तिन्ही कामें कारखान्याकडे गेलीं, आणि बर्फ सोडविणें तेवढें घराकडे राहिलें.

आणि तेंच अधिक नाजूक काम! बर्फांतून उष्णता पाण्यापेक्षां सुमारें चौपट सुलभतेनें वाहते. गोठतांना बाहेरचें बर्फाचें कवच थंडीला वाट देतें. उलट वितळतांना बाहेर पाण्याचा थर होतो व तो उष्णतेची वाट अडवितो. म्हणून ऊन पाण्यांत टाकलेली सुरमईची तुकडी बाहेरून नासण्याच्या पंथास लागते, तरी आंत दगडच असते. रात्रभर रेफ्रिजरेटरमध्यें ठेवणें, अथवा घट्ट पिशवींत घालून गार पाण्यांत बुडविणें, हाच मार्ग बरा. हवा काढून बंद केलेलें वेष्टन मात्र आधीं फोडावें. बॉटुलिझमच्या विषाचे कांहीं जंतु निर्वात जागेंत, सुमारें तीन अंश सेल्सिअसच्या गारव्यांतही, वाढूं शकतात. असें विष वासावरून ओळखूं येईलच अशी खात्री नसते, आणि पंगतीला मुलेंही बसलेलीं असतात.

हा खटाटोपच नको म्हणून १९५३ सालीं अमेरिकेंत निराळी तोड निघाली. माशाचे गोठलेले ठोकळे न वितळवितां करवतीनें कापून, त्यांच्या कांड्यांना पाव-चुऱ्याचें आवरण देऊन विकूं लागले. त्या तशाच कढईंत सोडावयाच्या. त्याच वर्षीं कोचीहून गोठविलेली कोळंबी अमेरिकेस जाऊं लागली. कोळंबीचा असा ठोकळा घरीं आला तर चार माणसांसाठीं सगळाच सोडवावा लागतो, आणि उरलेली पुन्हां गोठविली कीं रबरासारखी होते. पुढें एकेक दाणा सुटा गोठविण्याची रीत निघाली. आतां मूठभर काढून पिशवी परत ठेवतां येते.