अंगावरून पांढरे जाणे आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

अंगावरून पांढरे जाणे (श्वेतप्रदर) ही स्त्रियांची सर्रास आढळणारी तक्रार आहे. दोन पाळ्यांच्या मध्यावर किंवा गरोदरपणात जाणारा बिनवासाचा स्राव हा आजार नव्हे. दह्यासारखा, खाज आणणारा स्राव बहुधा बुरशीमुळे होतो. कर्करोगाची शंका घ्यावी ती स्राव पाण्यासारखा, रक्तमिश्रित किंवा कुजक्या वासाचा असल्यास, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसल्यास. मात्र ही लक्षणे दिसतात तोवर रोग बहुधा पुढे गेलेला असतो. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिला, तर कर्करोग व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षे लागतात आणि सहज बरी होणारी पूर्वावस्था काहीच त्रास देत नाही. म्हणूनच पांढरे जात नाही म्हणून निर्धास्त राहणे हे पांढरे जाताच कर्करोगाच्या धास्तीने खचण्याहून अधिक घातक.

उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चाचणीसाठी तक्रार असण्याची अट नव्हती. मग तक्रारीला महत्त्व कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर गडचिरोलीत मिळते. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या १९८९ च्या अभ्यासात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पण आतून तपासणी पूर्वी झाली होती जेमतेम ८ टक्क्यांची. पांढऱ्या पाण्याची तक्रार बाईला दवाखान्याच्या दारात आणते; तेव्हा गर्भाशयमुख न पाहता नुसत्या गोळ्या देऊन पाठवणे म्हणजे हाती आलेली संधी घालवणे.

दवाखाना गाठणेही सोपे नसते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णे बंदरात सकाळ-संध्याकाळचा मासळीचा लिलाव सोडून बायांनी तपासणीला जायचे कसे, ही अडचण खरी आहे. पण गर्भाशयमुखाला ॲसेटिक ॲसिड लावून, मिनिटभर थांबून पांढरा डाग पाहण्याची चाचणी प्रशिक्षित आरोग्यसेविकाही करू शकते. मुंबईच्या वस्त्यांत ती दर दोन वर्षांनी केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबादेत हीच चाचणी एकदाच झाली आणि मृत्यूंत ठोस घट दिसली नाही, हा आक्षेप रास्तच. म्हणून एकाच शिबिरावर भागत नाही. एचपीव्ही चाचणीचा नमुना तर बाई स्वतःच घेऊ शकते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर असतात. हर्णेसाठी तपासणीचा हंगाम तोच. डाग सापडल्यास तो गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करता येतो, बहुतेकदा त्याच भेटीत.